प्रयोगावाचून मिळालेले वीस गुण

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने भंडारा शहर गाठण्यापूर्वी जी जवाहरनगरची वसाहत लागते, ती रसायनशास्त्राच्या आधाराने वसलेली वस्ती आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९६२ च्या चीनयुद्धानंतर देशाच्या संरक्षणसिद्धतेची जी नवी उभारणी सुरू झाली, तिच्यात येथे आयुध निर्माणी स्थापन झाली. दारूगोळ्याला गती देणारे प्रणोदक पदार्थ येथे तयार होऊ लागले. आणि नायट्रोसेल्युलोज, नायट्रोग्लिसरीन ही जी नावे अन्यत्र केवळ पुस्तकाच्या पानावर भेटतात, ती येथे पाळीवरून परतलेल्या माणसांच्या तोंडी सहज येऊ लागली. अशा वसाहतीतील आणि तिच्या आसपासच्या ठाणा, शहापूर यांसारख्या गावांतील मुलांना २०२० च्या मार्चपासून पुढे दीर्घकाळ, करोनाच्या महासाथीमुळे प्रयोगशाळेला कुलूप असताना, विज्ञान शिकावे लागले. त्या काळात विज्ञानाच्या शिक्षकांनी जे केले त्याची नोंद व्हावी तशी झाली नाही, आणि जे करणे त्यांना अशक्य होते त्याची भरपाई करण्याची तजवीजही कोणी केली नाही. या दोन्ही गोष्टी आज सांगणे मला अगत्याचे वाटते.

घटनाक्रम वाचकांना ठाऊकच आहे. मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर आधी तहकूब व मग रद्द झाला, आणि विदर्भातील शाळांचे नवे सत्र ज्या २६ जूनच्या सुमारास उघडावयाचे, तो दिवस मुलांवाचून गेला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दैनंदिन अभ्यासमाला पाठविण्यास आरंभ केला. दीक्षा हे उपयोजन घरोघर उतरवून घेण्याचे हुकूम निघाले. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी आणि केंद्रीय मंडळाचा नववी ते बारावीचा अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांनी कमी करण्यात आला. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी नववी ते बारावीच्या मुलांना दिवसाकाठी पाऊण तासापर्यंतच्या चारच तासिका पडद्यासमोर देण्याची मुभा ठेवली. हे सर्व निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत बहुतांशी समंजसपणाचे होते, असेच माझे मत आहे.

परंतु या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. इतिहासाचा धडा, गणिताची रीत आणि विज्ञानाचा प्रयोग या तिन्ही गोष्टी एकाच वाटेने, एकाच पडद्यावरून, सारख्याच रीतीने मुलापर्यंत पोहोचविता येतील, असे ते गृहीत होते. धडा आवाजाने पोहोचू शकतो आणि रीत फळ्याच्या छायाचित्रानेही पोहोचते. प्रयोग मात्र ज्याने स्वतःच्या हाताने केला त्याच्यापुरताच होतो. परीक्षानळी तळहाताला गरम लागणे, गंधकाचा वास नाकात जाणे, अनुमापनात अखेरच्या एका थेंबाने रंग पालटला आणि तो थेंब आपल्याच बोटांच्या उतावळेपणामुळे पडला हे उमगणे, यांपैकी काहीही दूरध्वनीच्या काचेतून पलीकडे जात नाही. सवंग फोनच्या पडद्यावर तर फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग पांढराच दिसतो, आणि मग ‘रंग बदलला का?’ या शिक्षकाच्या प्रश्नाला पलीकडून ‘हो सर’ एवढेच उत्तर येते, कारण पुस्तकात तसे लिहिलेले असते.

शिक्षकांच्या अडचणी येथेच संपत नव्हत्या. ‘असर’च्या २०२० च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, ग्रामीण भागातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे वाढ मोठी होती, तरी दहातली जवळजवळ चार मुले तिच्या बाहेरच होती. आणि ज्या घरात फोन होता, त्या घरातही तो मुलाचा नव्हता. जवाहरनगरच्या परिसरात या बाबतीत एक विलक्षण भेद दिसून येई. स्फोटक पदार्थांच्या कारखान्यात मोबाईल नेण्यास मज्जाव असतो. त्यामुळे पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा फोन दिवसा घरीच राहण्याचा संभव असे आणि मुलाला तो तासिकेच्या वेळी मिळू शके. याउलट ज्या मुलाचे आईबाप धानाच्या रोवणीच्या मजुरीला बांधीत, म्हणजे शेतात, जात, त्यांचा फोन त्यांच्याबरोबर चिखलात जाई आणि दिवेलागणीनंतर घरी येई. तोवर दिवसभराच्या चारही तासिका होऊन गेलेल्या असत, आणि कित्येकदा त्या महिन्याच्या डेटाची मुदतही. म्हणून अनेक शिक्षकांनी कोणताही हुकूम नसताना आपले वेळापत्रक मोडले. सकाळी एक प्रश्न पाठवावयाचा, त्याबरोबर मोठी चित्रफीत न पाठविता दोन मिनिटांचा आवाज पाठवावयाचा, आणि उत्तराची वाट रात्री नऊ-दहापर्यंत पाहावयाची, असा त्यांचा परिपाठ पडला. ज्या माणसाची नोकरी घंटेच्या ठोक्यावर चालते, त्याने आपला दिवस मुलाच्या घरातील फोनच्या हाती सोपविणे हा मोठा त्याग आहे. आणि त्या वर्षी याच शिक्षकांना नाक्यांवरील तपासणीपासून घरोघरच्या सर्वेक्षणापर्यंत इतर कामांवरही नेमले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिकच कळते.

प्रारंभीचे महिने बहुतेकांनी प्रयोग दाखविण्यात घालविले. स्टुलावर पुस्तकांची चळत रचून, तिच्या टोकाला फोन बांधून, खाली टेबलावर भिंग, मेणबत्ती आणि पडदा मांडून स्वतःच्या स्वयंपाकघरात प्रयोग करणारे शिक्षक आणि शिक्षिका त्या काळात घरोघर होत्या. तयार साहित्यही उपलब्ध होते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या उपक्रमातील सदृशीकरणे मराठीतही आहेत, आणि त्यांत विद्युतमंडलाचा रोध वाढविला की प्रवाह कसा घटतो, हे मूल आपल्या बोटाने पाहू शकते; मुंबईच्या सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या ‘ऑनलाईन लॅब्ज’मध्ये नववी ते बारावीचे कितीतरी प्रयोग आहेत. या साधनांची मी अवहेलना करणार नाही. परमाणूची रचना किंवा वायूच्या रेणूंची धावपळ यांसारख्या, डोळ्यांना एरवी कधीच न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ती साध्या प्रयोगशाळेहूनही सरस आहेत. तथापि पडद्यावरील तार कधी तुटत नाही, बॅटरी कधी उतरत नाही, आणि दोन वाचने कधी एकमेकांशी भांडत नाहीत. आणि वाचने का जुळली नाहीत याचा शोध घेणे, हाच तर विज्ञान शिकण्याचा पहिला अनुभव होय.

ज्यांनी ही मर्यादा ओळखली, त्या शिक्षकांनी दाखविणे थांबवून मुलाला त्याच्याच घरात आणि शेतात प्रयोग करावयास लावले. आणि मला वाटते, त्या दोन वर्षांतील सर्वांत मोलाचे कार्य हेच होते. यात भंडारा जिल्ह्याचे भाग्य असे, की सत्राचा आरंभ आणि धानाचा हंगाम येथे एकाच वेळी येतो. पेरणीपूर्वी धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून निवडण्याची रीत कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावयाचे, त्यात बियाणे सोडावयाचे, वर तरंगणारे पोकळ आणि रोगट दाणे काढून टाकावयाचे, तळाशी बसलेले घेऊन स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावयाचे. घनता आणि उत्प्लावक बल शिकविण्यास याहून समर्पक प्रयोग कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार? साध्या पाण्यात किती दाणे तरंगले, मिठाच्या पाण्यात किती, मीठ दुप्पट केल्यास किती, आणि तरंगलेल्यांपैकी व बुडालेल्यांपैकी प्रत्येकी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास कोणत्या ढिगात किती मोड आले, या चार प्रश्नांत भौतिकशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, शेकडेवारीचे गणित आहे, आणि वडिलांनी मुलाला काही सांगावे अशी संधीही आहे. जो मुलगा तासिकेत एक अक्षर बोलत नसे, तो पऱ्ह्यांविषयी, म्हणजे धानाच्या रोपांविषयी, आपल्या शिक्षकाला शिकवू लागावा, ही गोष्ट वर्गाच्या चार भिंतींत घडणे कठीण होते.

स्वयंपाकघरानेही असाच हात दिला. हळदीचे पाणी पानाच्या चुन्याने लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. भाताच्या शितावर जखमेला लावावयाच्या आयोडिनयुक्त औषधाचा थेंब टाकला की ते काळसर निळे पडते. सोललेल्या बटाट्याच्या खोबणीत मीठ भरून ठेवले की तासाभरात तेथे पाणी साचते. हे प्रयोग जुने आहेत, पुस्तकातही आहेत, आणि तरीही शाळेच्या नित्य वेळापत्रकात ते करवून घेण्यास सवड मिळत नसे, हे शिक्षकच मोकळेपणाने सांगतात. भंडाऱ्याच्या भूमीने तर विद्यार्थ्याला आणखीही पुष्कळ देऊ केले आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते कोरड्या विद्युतघटांच्या उद्योगाला पुरविले जाते. विजेरीचा उतरलेला घट समोर धरून त्यातील काळी भुकटी कोणत्या मातीतून आली असावी, एवढा प्रश्न मोहाडी-तुमसरकडच्या मुलाला विचारला, तर विद्युतधारेचा धडा त्याच्या जिल्ह्याचा धडा होतो.

त्याहून आश्चर्य असे, की ज्या आपत्तीमुळे प्रयोगशाळा बंद झाली, त्या आपत्तीनेच विज्ञानाचे पुष्कळ पाठ उंबरठ्यावर आणून ठेवले होते. २०२० च्या एप्रिलच्या सुमारास हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाची देशभर टंचाई असताना, तो मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी सिद्ध झालेल्या आयुध निर्माण्यांत इटारसीबरोबर आपली भंडाऱ्याची निर्माणीही होती. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कृतीत इथेनॉल ऐंशी टक्के असते, ग्लिसरॉल दीड टक्क्याहून किंचित कमी, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी अत्यल्प. दहावीच्या ‘कार्बनी संयुगे’ या प्रकरणात इथेनॉल येतेच. इथेनॉल जर जंतूंना मारते, तर मग शंभर टक्के का घेऊ नये? प्रथिनांची घडण मोडण्याच्या क्रियेला पाण्याची गरज असते आणि निर्जल अल्कोहोल चटकन उडूनही जाते, हे उत्तर मुलाला पुस्तकात सापडत नाही. ते त्याला विचारांती काढावे लागते. आपल्या वडिलांच्या कारखान्यातील पिंपांत आणि आपल्या पुस्तकातील सूत्रांत एकच पदार्थ आहे, ही जाणीव ज्या मुलाला त्या वर्षी करून देण्यात आली असेल, त्याला ते प्रकरण पाठ करावे लागले नसेल.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि तापमापक बंदूक व रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र दारोदार फिरू लागले. त्या चिमट्यासारख्या लहानशा यंत्रात दोन प्रकारचे प्रकाशकिरण असतात, एक तांबडा आणि दुसरा अवरक्त. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन अवरक्त किरण अधिक शोषते आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन तांबडे किरण अधिक शोषते, आणि या दोहोंच्या प्रमाणावरून पडद्यावर अठ्ठ्याण्णव किंवा ब्याण्णव असा आकडा उमटतो. त्या आकड्यावर त्या काळी घराघराचा जीव टांगलेला होता. प्रकाश आणि जीवनप्रक्रिया ही दोन प्रकरणे, जी पुस्तकाच्या दोन वेगळ्या भागांत विभागलेली आहेत, ती त्या एका बोटाच्या टोकाशी एकत्र आली होती. सर्वेक्षणाच्या कामावर नेमलेल्या विज्ञानशिक्षकांपैकी ज्यांनी सायंकाळी घरी येऊन आपल्या वर्गाच्या गटावर याचे विवेचन पाठविले असेल, त्यांच्या कर्तव्यबुद्धीला मी मनःपूर्वक वंदन करतो.

अशा शिक्षणाला पूर्वपरंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. १९३७ साली पोलिओच्या साथीमुळे शिकागो शहरातील शाळा बंद राहिल्या, तेव्हा तेथील मुलांना नभोवाणीवरून पाठ दिले गेले आणि त्यांचे वेळापत्रक वर्तमानपत्रांतून छापले गेले. साथीच्या काळातील दूरशिक्षणाचा एक प्रयोग म्हणून त्याचा निर्देश केला जातो. परंतु आपल्याला त्याहून जवळचा आणि कामाचा वारसा सातपुड्याच्या पलीकडेच आहे. ज्या मध्य प्रांतात आपला भंडारा जिल्हा पूर्वी होता, त्याच प्रांतात त्या वेळी असलेल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक कार्यक्रम आरंभिला. त्याचे तत्त्व एवढेच होते, की मुलाने स्वतः प्रयोग करावा, स्वतः निरीक्षण लिहावे आणि उत्तर शिक्षकाकडून न घेता निरीक्षणातून काढावे. साधने गावातलीच असत. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्यांपासून आणि सायकलच्या वाल्व्हट्यूबपासून बनविलेल्या रचनांची कल्पना त्यांना याच कार्यक्रमात सुचली, आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी असंख्य मराठी मुलांना ती वाट दाखविली. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा तो कार्यक्रम बंद केला. सुमारे तीस वर्षे चाललेले कार्य एका आदेशाने थांबू शकते. महासाथीच्या दोन वर्षांत शिक्षकांनी जे केले, त्याच्या पाठीशी तर संस्था नाही, पुस्तिका नाही, दप्तर नाही. ते विस्मृतीत जाण्यास आदेशाचीही आवश्यकता पडणार नाही.

आता ज्या वीस गुणांचा उल्लेख मी शीर्षकात केला, त्यांकडे वळतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. २०२१ साली दुसऱ्या लाटेत परीक्षाच रद्द झाली, आणि निकालासाठी जे सूत्र ठरले त्यात नववीच्या निकालाला पन्नास, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला तीस आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरे कामाला वीस असा भार देण्यात आला. निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या परिस्थितीत दुसरा न्याय्य मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे, आणि मुलांचे वर्ष वाचले याचा आनंदही आहे. परंतु वर्ग प्रत्यक्ष भरले ते २३ नोव्हेंबर २०२० नंतरचे थोडेच महिने, तेही निम्म्या उपस्थितीने आणि एकमेकांच्या उपकरणांना हात न लावण्याच्या दक्षतेने. त्यामुळे असंख्य मुलांच्या गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकाचे गुण जमा झाले आणि त्यांच्या हाताला ब्यूरेट कधी लागलीच नाही. ही मुले पुढे महाविद्यालयांत गेली. त्यांचा यात यत्किंचितही दोष नाही. दोष आमचा आहे, कारण शाळा पूर्ववत उघडल्यावर या हातांची भरपाई करण्याची मोहीम आम्ही काढली नाही. वाचन आणि अंकगणित यांच्या ऱ्हासाची चर्चा झाली, सेतू अभ्यासक्रम आले, पण प्रयोग करण्याचे जे कौशल्य बुडाले त्याची मोजदाद करण्याचे कोणाला सुचले नाही.

याचे कारण अप्रिय आहे, तरी ते सांगितले पाहिजे. प्रात्यक्षिकांच्या बाबतीत महासाथीपूर्वीची आमची स्थिती फारशी निराळी नव्हती. कित्येक शाळांत प्रयोगशाळेची खोली साठवणीची खोली झाली होती. सहायकाचे पद रिक्त होते. प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतली जाई आणि वीस गुण बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळत. जे आधीच क्षीण झाले होते, त्याची हानी झालेली कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच मी असे म्हणतो, की बंद दाराच्या काळात धानाच्या दाण्यांवर आणि हळदीच्या पाण्यावर मुलांनी जे केले, ते तात्पुरती सोय म्हणून विसरून न जाता शाळेच्या नित्य कार्यात आणले पाहिजे. यावर दोन आक्षेप येतील. घरी प्रयोग केल्यास अपघात होईल, हा पहिला. त्याचे उत्तर निवडीत आहे, कारण आम्ल, ज्योत आणि घरची वीज यांना मुळीच हात न लावता करता येतील असे पुष्कळ प्रयोग आहेत, आणि स्फोटकांच्या शेजारी राहणाऱ्या आमच्या जवाहरनगरच्या माणसांना सुरक्षिततेचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. शिक्षकावर भार वाढेल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीस-पन्नास मुलांची निरीक्षणे वाचणे हे फळ्यावर आकृती काढण्याहून कितीतरी कष्टाचे काम आहे, आणि ते काम शिक्षकाच्या रात्रीवर ढकलणे पुन्हा होता कामा नये.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांपैकी पाच गुण विद्यार्थ्याने स्वतःच्या घरी किंवा शेतात केलेल्या एका प्रयोगाला द्यावेत, आणि ते उत्तर बरोबर आल्याबद्दल न देता निरीक्षणांच्या प्रामाणिक नोंदीबद्दल द्यावेत. न जुळलेली वाचने खोडून न टाकता दाखविणाऱ्या मुलाला त्यात पूर्ण गुण मिळावेत. या निरीक्षणांच्या वाचनासाठी शिक्षकाच्या वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका रीतसर मोकळी ठेवावी. भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने २०२० ते २०२२ या काळात शिक्षकांनी पाठविलेल्या आवाजफिती, प्रश्न आणि घरगुती प्रयोग, ते फोनमधून पुसले जाण्यापूर्वी, ज्याच्या त्याच्या नावानिशी मागवून घ्यावेत आणि त्यांची एक मराठी पुस्तिका काढावी. जिल्हा परिषदेने प्रत्येक माध्यमिक शाळेला दरवर्षी प्रयोगसाहित्यासाठी स्वतंत्र रकमेची तरतूद करावी आणि ती दुसऱ्या बाबीकडे वळविता येऊ नये. पुस्तिकेचे पहिले पान मात्र धानाच्या बियाण्याचे असावे आणि ती जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळांच्या हाती पडावी, कारण पऱ्हे एकदा टाकले गेले की त्या प्रयोगाला पुढे वर्षभर थांबावे लागते.